उतार

झेटर उतारालाच लावायचा,
हा आमच्या घरातला पहिला नियम.
बॅटरी ब्याऐंशी साली गेली,
दादांनी नवी आणली नाही.
"जमिनीनं फुकट दिलंय ते आधी वापरा," म्हणायचे.
शिंदवण्याच्या जमिनीनं आम्हाला फुकट दिलेलं
एवढंच होतं.

चाकाखालचा दगड काढायचं काम माझं.
दगड ओढायचा, बाजूला उडी मारायची.
वर मुगुटतात्या, क्लच दाबून, श्वास धरून,
आणि ते दोन टनांचं लोखंड
आधी नुसतंच घरंगळायचं, मुकं,
कण्हेरीपर्यंत.
कण्हेरीपाशी क्लच सोडायचा.
कण्हेरीच्या पुढं ओढा.

दोनदा गेला ओढ्यात.
दोन्हीदा शेजारच्या बैलांनी काढला,
आणि आठवडाभर तात्या
त्या बैलांच्या नजरेला नजर देईनात.

उरुळीहून दस्तगीर मिस्त्री यायचे सायकलवर,
हँडलला पान्यांची पिशवी.
स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला,
मूठ कानाला, डोळे मिटलेले.
"दुसऱ्या सिलिंडरला खोकला आहे," म्हणायचे,
आणि चहा अर्धा टाकून कामाला लागायचे.
चाकणच्या कारखान्यात कंप्रेसरला
मी अजून तसाच कान लावते.
पोरं हसतात. त्यांच्याकडे कंपनं मोजायचं यंत्र आहे.
यंत्र आकडा सांगतं.
खोकला आहे की नुसता घसा खाकरलाय,
ते नाही सांगत.

मग तो बुलडोझर.
धरणाच्या कामावरून लिलावात घेतलेला, पिवळा म्हणायचा इतकाच पिवळा.
अठरा दिवसांत त्यानं वरचं खाचर, मधलं, लवणातलं
सगळं पाट्यासारखं सपाट केलं,
अंगणातल्या हंड्यांतलं पाणी थरथरत राहिलं अठरा दिवस.
शेडपुढच्या पट्टीला आला
तेव्हा दादा आडवे उभे राहिले.
"एवढा राहू द्या. ह्याच्यावर ट्रॅक्टर चालू होतो."
एकोणिसाव्या दिवशी साखळीची पिन तुटली.
तो तिथंच आहे. त्याच्या पात्याआड
कोंबडी खुडूक बसते.

सातबाऱ्याच्या उताऱ्यावर विहीर आहे,
सीताफळीची साठ झाडं आहेत,
उताराची नोंद नाही.
म्हणून जालिंदरनं विचारलं तेव्हा
मला नाही म्हणायला कागद नव्हता.
त्याला पॉलिहाऊस घालायचंय. जरबेरा.
जागा सपाट लागते.

काल जेसीबी आला, तासावर.
चालवणारा पोरगा निलंग्याचा, कानात गाणी.
"ताई, ते भंगार हलवा आधी.
माझ्या बॅटरीची वायर देऊ का?"

दस्तगीरचाचांचा मुलगा सकाळीच येऊन
डिझेलमधली हवा काढून गेला होता.
मी म्हटलं, वायर नको. दगड काढ.

जालिंदरनं दगड काढला, उडी मारली,
पन्नाशीतला माणूस, पण उडी तीच.
आणि झेटर निघाला.
चार वर्षांची धूळ, मुंगळ्यांची रांग, सगळं घेऊन
मुकाट, आधी हळू, मग नाही हळू.
समोर पाहिलं तर कण्हेर नव्हती.
कधी तोडली, मला कुणी कळवलं नव्हतं.

क्लच सोडला
जिथं मला वाटलं की ती असावी.

एक हिसका. दुसरा.
मग काळ्या धुराचा एक गोळा, आणि तो आवाज,
सोप्यातली भांडी आधी ओळखतात तो.
वळवून खालच्या खाचरात आणला.
मागं वळून बघेपर्यंत
जेसीबीनं पहिली बादली भरली होती.

आता संध्याकाळ झालीये.
पट्टी सपाट. पोरगा पैसे मोजून घेऊन गेला.
झेटर अजून चालूच आहे.
सपाटीवर उभा आहे, एकदा बंद केला
तर आपला आपण उठणार नाही.
वहिनी दोनदा जेवायला हाक मारून गेल्या.
जालिंदर मडगार्डवर बसलाय, काही बोलत नाही.
बंद करायची दांडी माझ्या हाताशी.

टाकीत काडी घालून बघितली,
चार बोटं डिझेल आहे.
दुसऱ्या सिलिंडरला खोकला आहे.